श्वासातला सोळा टक्के ऑक्सिजन परत का जातो?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बाहेर सोडलेल्या हवेत अजून १६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो असे वाचनात आले, मग आत घेतलेल्यापैकी बहुतेक ऑक्सिजन आपण वायाच घालवतो काय? त्यालाच जोडून दुसरा प्रश्न आहे. वडिलांचे वय ७२ असून त्यांच्या बोटाला लावलेला ऑक्सिमीटर बहुतेक वेळा ९५ टक्के दाखवतो आणि रोज अर्धा तास दीर्घश्वसन करूनही तो आकडा ९७ च्या पुढे जात नाही, तर त्यांची श्वास घेण्याची पद्धत चुकते आहे काय?

या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे. फुफ्फुस हवेतून ऑक्सिजन ओढून घेते आणि आपण जितक्या जोराने श्वास घेऊ तितका तो जास्त ओढला जातो, अशी ती समजूत. मी भूलतज्ज्ञ आहे. माणसाचा श्वास स्वतःच्या हाताने थांबवणे आणि तो थांबलेला असताना त्याच्या रक्तात ऑक्सिजन पोहोचत राहील याची काळजी घेणे हेच माझे रोजचे काम असल्यामुळे ही समजूत किती फसवी आहे, ते मला जवळून पाहायला मिळते. फुफ्फुस काहीही ओढत नाही. छातीचे स्नायू आणि श्वासपटल हवा आत आणतात. त्यापुढे ऑक्सिजन जास्त दाबाकडून कमी दाबाकडे आपोआप सरकतो. आणि आपण किती वेगाने श्वास घ्यायचा हे ठरवणारा वायू नेहमीच्या परिस्थितीत ऑक्सिजन नसतोच. तो असतो कार्बन डायऑक्साइड.

आधी हवेचा हिशेब करू. शांत बसलेला प्रौढ माणूस एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा आत घेतो. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर हवा नाक, घसा, श्वासनलिका आणि तिच्या फांद्या यांतच राहते. तिथे रक्ताशी देवघेव होत नाही, म्हणून ती जशीच्या तशी परत बाहेर पडते. रक्ताशी देवघेव करणाऱ्या वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसातल्या सूक्ष्म हवेच्या पिशव्यांपर्यंत, पोहोचते ती उरलेली ३५० मिलिलिटर. पण वायुकोश कधीच रिकामे नसतात. श्वास पूर्ण सोडला असे आपल्याला वाटते तेव्हाही फुफ्फुसांत सुमारे अडीच लिटर हवा शिल्लक असते. सात तांब्यांच्या रांजणातून दर वेळी एक तांब्या पाणी काढावे आणि एक तांब्या ताजे पाणी ओतावे, तसा हा व्यवहार चालतो. रांजणातले पाणी त्यामुळे कधीच पूर्ण ताजे नसते आणि कधीच पूर्ण शिळेही होत नाही. ही व्यवस्था मुद्दाम केल्यासारखी उपयोगाची आहे. प्रत्येक श्वासाबरोबर फुफ्फुस पूर्ण रिकामे होऊन पुन्हा भरत असते, तर रक्तातले वायूही दर पाच सेकंदांनी वर-खाली हेलकावत राहिले असते.

आता दाबाचे आकडे पाहू. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर इतका असतो आणि त्यात ऑक्सिजनचा वाटा सुमारे २१ टक्के, म्हणजे १६० मिलिमीटरच्या आसपास. यालाच अंशदाब म्हणतात. नाकातून जाताना हवा ओलसर होते, पाण्याची वाफ ४७ मिलिमीटर जागा घेते आणि ऑक्सिजनचा अंशदाब १५० वर येतो. वायुकोशात तो साधारण १०० असतो, कारण तिथून रक्त सतत ऑक्सिजन नेत असते आणि कार्बन डायऑक्साइड आणून टाकत असते. शरीरभर फिरून फुफ्फुसाकडे परतणाऱ्या रक्तात ऑक्सिजनचा अंशदाब ४० असतो. हा १०० आणि ४० मधला उतार ऑक्सिजनला रक्तात नेतो. कार्बन डायऑक्साइडचा उतार उलट दिशेने असतो आणि तो किती लहान आहे पाहा: रक्तात ४६, वायुकोशात ४०. एवढ्याशा फरकावर काम भागते, कारण हा वायू पाण्यात ऑक्सिजनच्या वीसपटीहून अधिक विरघळतो आणि पडद्यातून सहज निसटतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा येणार आहे.

सोळा टक्क्यांचे कोडे इथेच सुटते. वायुकोशातल्या हवेत ऑक्सिजन सुमारे १४ टक्के असतो. श्वास सोडताना ती हवा आणि नळ्यांत अडकलेली २१ टक्क्यांची हवा एकत्र बाहेर पडते, त्यांचे मिश्रण होते आणि सरासरी १६ टक्क्यांच्या आसपास येते. याला वाया जाणे म्हणता येणार नाही. शरीराला विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो आणि तेवढाच हवेतून कमी होतो. वायुकोशातला ऑक्सिजन शून्यावर आणायचा म्हटले तर उतारच नाहीसा होईल आणि रक्त ऑक्सिजनविना परतेल. म्हणजे हवेत ऑक्सिजन शिल्लक राहतो म्हणूनच तो रक्तात शिरतो. बुडालेल्या माणसाला तोंडाने दिलेला श्वास उपयोगी पडतो, तोही याच शिल्लक ऑक्सिजनमुळे.

ऑक्सिजन केवळ उताराने सरकतो ही गोष्ट आज शाळेच्या पुस्तकात असली, तरी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिच्यावरून मोठा वाद झाला होता. कोपनहेगनचे क्रिश्चियन बोर हे त्या काळातले मोठे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. अणूची रचना मांडणाऱ्या नील्स बोर यांचे ते वडील. ग्रंथी जशी रस स्रवते तसे फुफ्फुस ऑक्सिजन रक्तात स्रवते, असे त्यांचे मत होते. त्यांचेच शिष्य ऑगस्ट क्रोग आणि त्यांच्या पत्नी, डॉक्टर मारी क्रोग, यांनी १९१० मध्ये एकामागोमाग सात शोधनिबंध प्रसिद्ध करून दाखवून दिले की रक्तातला ऑक्सिजनचा अंशदाब वायुकोशातल्या अंशदाबाच्या वर कधीच जात नाही. गुरूविरुद्ध लिहिणे त्यांना सोपे गेले नसावे. ब्रिटनमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी स्रावाची बाजू नंतरही सोडली नाही, तेव्हा जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी १९२० मध्ये केंब्रिजला काचेच्या बंद खोलीत सहा दिवस विरळ ऑक्सिजनमध्ये राहून स्वतःच्या धमनीतले रक्त तपासायला दिले. निकाल क्रोग दांपत्याच्या बाजूने लागला. मारी क्रोग यांनी विसरण, म्हणजे वायूचे असे उताराने सरकणे, मोजण्यासाठी कार्बन मोनॉक्साइडची अगदी अल्प मात्रा वापरण्याची पद्धत बसवली होती. छातीच्या तज्ज्ञांकडे आज फुफ्फुसाची विसरणक्षमता मोजतात ती तिच्याच सुधारलेल्या रूपाने.

नुसत्या उतारावर काम निभावून नेण्यासाठी जागा भरपूर हवी आणि भिंत पातळ हवी. वायुकोशांची संख्या काही दशकोटींत जाते, त्यांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मीटर भरते आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा बहुतेक ठिकाणी अर्ध्या मायक्रोमीटरहून जाड नसतो. तांबडी रक्तपेशी वायुकोशाभोवतीच्या केशवाहिनीतून जायला पाऊण सेकंद घेते आणि त्यातल्या पहिल्या पाव सेकंदातच तिचा ऑक्सिजन भरून होतो. उरलेला अर्धा सेकंद ही राखीव वेळ. म्हणूनच जिना चढताना रक्त वेगाने वाहू लागले तरी निरोगी माणसाचे ऑक्सिजनचे प्रमाण खाली येत नाही. फुफ्फुसाच्या पडद्यात व्रण धरून तो जाड झाला की हीच राखीव वेळ खर्ची पडते, आणि असा रुग्ण खुर्चीत बसलेला असताना ९६ तर चार पावले चालल्यावर ८८ दाखवतो. वर्षानुवर्षे विडीचा किंवा चुलीचा धूर घेतलेल्यांचे दुखणे वेगळे. तिथे वायुकोशांच्या मधल्या भिंतीच झिजून पडतात आणि क्षेत्रफळ घटते.

आता दीर्घश्वसनाकडे वळू. ऑक्सिजन रक्तात विरघळून फार थोडा मावतो, १०० मिलिलिटर रक्तात जेमतेम ०.३ मिलिलिटर. बाकीचा सगळा भार हिमोग्लोबिन उचलते. एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरते, म्हणजे १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. हिमोग्लोबिन किती टक्के भरले आहे, तेच ऑक्सिमीटर दाखवतो. मात्र हिमोग्लोबिन दाबाच्या सरळ प्रमाणात भरत नाही. अंशदाब ६० झाला की ते ९० टक्के भरलेले असते, १०० झाला की सुमारे ९७.५ टक्के, आणि त्यापुढे दाब कितीही वाढवला तरी भरायला जागा उरत नाही. काठोकाठ भरलेल्या कळशीवर नळ आणखी मोठा सोडून काय होणार? निरोगी माणसाने खोल श्वास घेऊन वायुकोशातला अंशदाब १०० वरून १२५ वर नेला, तरी ऑक्सिमीटरचा आकडा एखाद्या टक्क्यानेच वर जातो. वडिलांच्या श्वसनाच्या पद्धतीला त्याबद्दल दोष देण्याचे कारण नाही.

याचा अर्थ सावकाश, खोल श्वासाला मोल नाही असा मात्र काढू नये. मिनिटाला ५०० मिलिलिटरचे १२ श्वास घेतले काय किंवा २५० मिलिलिटरचे २४ घेतले काय, एकूण हवा सहा लिटरच होते. पण प्रत्येक श्वासातले १५० मिलिलिटर नळ्यांत अडकतात हे धरले, तर पहिल्या प्रकारात ४२०० मिलिलिटर हवा वायुकोशांपर्यंत पोहोचते आणि दुसऱ्या प्रकारात फक्त २४००. शिवाय पडून राहणाऱ्या किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या फुफ्फुसाचा तळचा भाग मिटू लागतो, तो खोल श्वासाने उघडतो. शस्त्रक्रियेनंतर आम्ही रुग्णाच्या हाती श्वास ओढून चेंडू वर उचलायचे तीन चेंडूंचे खेळणे देतो ते एवढ्यासाठीच.

वेगाने आणि खोल श्वास घेतल्याने खरा बदल होतो तो कार्बन डायऑक्साइडमध्ये. तो झपाट्याने बाहेर टाकला जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोके हलके होते आणि बोटांना मुंग्या येतात. पुष्कळ जण यालाच भरपूर ऑक्सिजन मिळाल्याची खूण समजतात. प्रत्यक्षात त्या क्षणी मेंदूकडे जाणारे रक्त कमी झालेले असते. श्वास घेण्याची निकड मेंदूतले श्वसनकेंद्र मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवरून ठरवते. ऑक्सिजन पाहणारी यंत्रणाही गळ्यातल्या धमन्यांपाशी आहे, पण अंशदाब ६० च्या आसपास उतरेपर्यंत ती फारशी ओरड करत नाही. म्हणून विहिरीत किंवा तलावात बुडी मारण्यापूर्वी जोरजोरात पाच-पंचवीस श्वास घेण्याची जी सवय पोरांना असते, ती जिवावरची आहे. साठा वाढत नाही, फक्त धोक्याची घंटा काढून ठेवली जाते, आणि श्वास घ्यावासा वाटण्याच्या आधीच पोहणारा पाण्याखाली बेशुद्ध होतो.

हे दोन वायूंचे व्यवहार किती वेगळे आहेत, ते शस्त्रक्रियागृहात स्पष्ट दिसते. भूल देण्यापूर्वी आम्ही तीन मिनिटे मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन देतो. ‘डॉक्टर, मला दम लागत नाहीये, मग हे कशाला?’ असे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. कारण हिशेबाचे आहे. साध्या हवेवर असताना फुफ्फुसातल्या अडीच लिटरमध्ये १४ टक्के, म्हणजे ३५० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २५० मिलिलिटर खर्च धरला तर तो दीड मिनिटही पुरत नाही. शुद्ध ऑक्सिजनने फुफ्फुसातला नायट्रोजन धुऊन काढला की त्याच जागेत दोन लिटरहून अधिक ऑक्सिजन बसतो आणि निरोगी प्रौढाचा श्वास पूर्ण थांबल्यावरही ऑक्सिमीटर सात-आठ मिनिटे खाली येत नाही. गरोदर स्त्रिया, स्थूल माणसे आणि लहान मुले यांच्यात हा अवधी बराच कमी असतो, आणि ती मिनिटे मी भिंतीवरच्या घड्याळाकडे न पाहताही मोजत असते.

त्याहून चमत्कारिक गोष्ट पुढे आहे. श्वास बंद असताना घशापाशी ऑक्सिजन सोडत राहिला, तर तो आपल्या आपण खाली जातो. रक्त मिनिटाला २५० मिलिलिटर ऑक्सिजन उचलते, पण त्या बदल्यात वायुकोशात परत येणारा कार्बन डायऑक्साइड अगदी थोडा असतो. बाकीचा रक्तात आणि पेशींतच मुरतो. वायुकोशातला दाब किंचित उतरतो आणि वरचा ऑक्सिजन त्या जागी सरकतो. १९५९ मध्ये अमेरिकेत भूल दिलेल्या आठ रुग्णांवर हे करून पाहिले होते. छाती अजिबात हलत नसताना त्यांच्यापैकी एकाचे रक्त ५० मिनिटांहून अधिक काळ ऑक्सिजनने भरलेले राहिले. कार्बन डायऑक्साइड मात्र मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटरने चढत गेला आणि रक्त भयंकर आम्ल झाले. ऑक्सिजन आत येण्यासाठी छाती हललीच पाहिजे असे नाही. ती हलावी लागते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी.

उताराचा नियम उलटही लागू पडतो, आणि हे लोकांना माहीत असते तर काही जीव वाचले असते. ज्या हवेत ऑक्सिजन जवळजवळ नाही, अशा हवेत श्वास घेतला की वायुकोशातला अंशदाब रक्तातल्यापेक्षा खाली जातो आणि ऑक्सिजन रक्तातून हवेकडे बाहेर निघू लागतो. श्वास रोखलेला माणूस मिनिटभर टिकतो, पण अशा हवेत श्वास घेणारा काही श्वासांतच कोसळतो. बंद पडलेल्या विहिरीत किंवा मैल्याच्या टाकीत एक जण पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही, अशा बातम्या आपण दर वर्षी वाचतो. टाकीत विषारी वायूही असतात, पण नुसता ऑक्सिजनचा अभावही तेवढाच वेगाने मारतो.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, ऑक्सिमीटर ८० दाखवत असताना फोनवर शांतपणे बोलणारे रुग्ण आम्ही पाहिले. त्याचे स्पष्टीकरण याच दोन व्यवहारांत आहे. फुफ्फुसाचे काही भाग सुजून बंद झाले, तरी त्यांच्यातून रक्त वाहतच राहते आणि ऑक्सिजन न घेताच पुढे जाऊन चांगल्या रक्तात मिसळते. चांगले भाग ही तूट भरून काढू शकत नाहीत, कारण तिथले हिमोग्लोबिन आधीच भरलेले असते. कार्बन डायऑक्साइडची गोष्ट निराळी. चांगल्या भागांतून जास्त हवा खेळवली की तो त्या प्रमाणात जास्त बाहेर टाकता येतो. त्यामुळे त्याची पातळी वाढत नाही आणि कित्येकांत दम लागल्याची जाणीवही उशिरा होते. अशा रुग्णांना पालथे झोपवायचो ते फुफ्फुसाचा पाठीकडचा मोठा भाग छातीच्या आणि पोटाच्या ओझ्याखालून मोकळा व्हावा म्हणून.

लेह किंवा त्याहून उंच ठिकाणी जाणारे पुष्कळ जण ‘तिथल्या हवेत ऑक्सिजन कमी असतो’ असे म्हणतात. प्रमाण तिथेही २१ टक्केच असते, घटतो तो दाब. लेहला, सुमारे ३५०० मीटरवर, हवेचा दाब पाऱ्याच्या ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो आणि धडधाकट माणसाचा ऑक्सिमीटरही ९० च्या खाली उतरू शकतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर १९८१ मधल्या एका मोहिमेत मोजलेला दाब २५३ भरला. तिथे श्वासातल्या ओल्या हवेत ऑक्सिजनचा अंशदाब जेमतेम ४३ येतो. वायुकोशात नेहमीइतका, म्हणजे ४० मिलिमीटर, कार्बन डायऑक्साइड राहिला तर ऑक्सिजनला जागाच उरणार नाही. त्या मोहिमेत शिखरावर गोळा केलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड साडेसात मिलिमीटरच्या आसपास निघाला. गिर्यारोहकाने धापा टाकून तो इतका खाली आणला होता, तेव्हा कुठे ऑक्सिजनला ३५ मिलिमीटरची जागा मिळाली. १९७८ मध्ये मेस्नर आणि हाबेलर हे गिर्यारोहक बाटलीतल्या ऑक्सिजनशिवाय शिखरावर पोहोचले ते याच बळावर. अति श्वसनाने ऑक्सिजन वाढतो हे खरे ठरते ते अशा ठिकाणी, कारण तिथे कळशी भरलेली नसते.

आता वडिलांबद्दल. वयाबरोबर फुफ्फुसाची लवचिकता कमी होते, तळचे भाग लवकर मिटतात आणि वायुकोशातला व धमनीतला अंशदाब यांच्यातले अंतर वाढते. सत्तरीत धमनीतला अंशदाब ८० च्या आसपास असणे स्वाभाविक आहे आणि त्याला ९५-९६ हाच आकडा जुळतो. घरगुती ऑक्सिमीटर दोन टक्के इकडे-तिकडे दाखवतो, हेही धरावे. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकतो. या यंत्राला रक्तात हिमोग्लोबिन किती आहे हे कळत नाही. हिमोग्लोबिन सात ग्रॅम असलेला माणूसही ९८ दाखवू शकतो, आणि त्याच्या रक्तात ऑक्सिजन निम्माच असतो. म्हणून दम लागतो आणि आकडा मात्र चांगला आहे, अशी तक्रार असेल तर आधी रक्त तपासून घ्यावे. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवली असेल, तर या यंत्रावर अजिबात विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइड लागलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेलेच वाटते.

दीर्घश्वसन त्यांनी चालू ठेवावे, फक्त ते करताना बोटाला ऑक्सिमीटर लावून बसू नये. आकडा पाहायचाच तर दहा मिनिटे शांत बसल्यावर पाहावा, मग घरातच सपाट जागी सहा मिनिटे चालून पुन्हा पाहावा आणि दोन्ही आकडे तारखेसह लिहून ठेवावेत. बसून ९५ आणि चालून ९४ असे असेल तर निश्चिंत राहावे. चालल्यावर तो चारने किंवा त्याहून जास्त घसरत असेल, किंवा बसल्या जागी ९३ च्या वर जाईनासा झाला असेल, तर ती वही घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जावे आणि वडिलांनी किती वर्षे धूम्रपान केले व कोणत्या कामावर धूळ घेतली, हे न विचारता सांगावे.